दर पाचव्या दिवशी शहाणं होणारं यंत्र

चूक माझी होती आणि ती पाचशे प्रतींत छापलेली होती. गुलाबी कागदावर, एका बाजूला, ठळक अक्षरांत. माफी मात्र मी एकदाच मागितली, तीही तोंडी, आणि त्यानंतर लगेच माझ्या खांद्यावर जे आलं त्याच्या वजनाखाली ती अर्धवटच राहिली. म्हणून आता बसून सगळं लिहून काढतेय.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून लिहितेय. आमची समिती म्हणजे आम्ही सहा जण, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. पाणी, गटार, रस्त्यावरचे दिवे हे आमचे विषय. त्यातलं पाणी हा तर माझ्या पोटापाण्याइतका सवयीचा विषय. आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येतं, आणि कुठल्या तारखेला आलं, कधी चुकलं, कधी पाईप फुटली याची वही मी गेली तीन वर्षं स्वतःच्या हातानं ठेवतेय. ही वही लक्षात ठेवा. मी विसरले होते.

पत्रकाचं एक शास्त्र असतं. माणूस कागद हातात घेतो, घडी घालतो आणि खिशात टाकतो. घडीच्या वरच्या अर्ध्या भागात जे वाचलं जाईल तेवढंच खरं. म्हणून मथळ्यात सवाल पाहिजे, पहिल्या परिच्छेदात अन्याय पाहिजे, आणि घडीच्या आत गुन्हेगार पाहिजे. खाली पुरावे असले तर उत्तम, नसले तर उद्गारचिन्हं. या शिस्तीचा एक तोटा आहे: गुन्हेगार लवकर लागतो.

यंदा मार्चात आमच्या भागात दाखल्यांचं केंद्र सुरू झालं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, जे काय लागतं ते सगळं तिथं. त्याआधी एका दाखल्यासाठी अर्धं शहर ओलांडून जावं लागायचं. आम्ही दोनदा धरणं धरलं, एकदा मोर्चा काढला, आणि शेवटी पिठाच्या गिरणीशेजारच्या गाळ्यात केंद्र आलं. आत एक टेबल, एक संगणक, अंगठा घ्यायचं छोटं मशीन, छपाईयंत्र, आणि हे सगळं चालवणारे एक काका. पन्नाशीचे, जाड काचांचा चष्मा, कपाळावर विभूती. पूर्वी टायपिंग शिकवायचे. घरी कानडी, दारात मराठी, आणि संगणकाशी बोलताना दोन्ही.

केंद्र सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी समितीनं काकांचा सत्कार केला. सोलापुरात सत्कार म्हणजे चादर. शाल मिळत नाही असं नाही, पण इथं कुणी शाल दिली तर घेणारा ‘चादरी संपल्या काय’ असं बघतो. आम्ही मोराची नक्षी असलेली, भरभक्कम वजनाची, दोघांना पुरेल अशी चादर आणली. मी भाषण केलं. काकांच्या खांद्यावर चादर घातली. काकांना गहिवरून आलं. ते म्हणाले, “मी कोण हो? खरा मान ह्याचा.” आणि त्यांनी ती चादर घडी करून संगणकाच्या डब्यावर घातली. टाळ्या पडल्या. मी फोटो काढला. पुढच्या आठवड्यात आमचं विजय-पत्रक निघालं, त्यात तो फोटो होता, आणि खाली माझ्या शब्दांत: ‘यंत्राचाही सन्मान!’

काकांनी ते पत्रक गाळ्याच्या भिंतीला चिकटवलं.

त्यानंतर केंद्र बिघडत गेलं. कागद स्कॅन करायला ठेवला की गोल चक्र फिरायला लागायचं. ते फिरत राहायचं. अर्ज अर्धा भरून व्हायचा आणि वेळ संपली म्हणून वरची वेबसाईट हाकलून द्यायची. पुन्हा पहिल्यापासून. काका चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, “सर्व्हर डाऊन हाय. वरनंच हाय. आपलं मशीन काम करलालंय की.” रांग उन्हात उभी. सकाळी नऊला आलेला माणूस दुपारी एकला रिकाम्या हातानं परत.

मला हे दोन शब्द, ‘सर्व्हर डाऊन’, ऐकले की डोक्यात मुंग्या येतात. पूर्वी साहेब जागेवर नसायचे, तेव्हा निदान खुर्ची तरी दाखवायचे. हा सर्व्हर कुठं बसतो, कुणाचा कोण, कधी उठतो, कुणी बघितलाय?

तरी मी गप्प बसले असते कदाचित, पण जूनमध्ये शेजारची अक्का आली. अक्का चादरीच्या कारखान्यात कामाला आहे. माग बंद पडला, धागा तुटला, नक्षी चुकली की आधी अक्काला दिसतं. घरी तेलुगू बोलते, आमच्याशी मराठी, आणि रागावली की मला दोन्ही कळतं. तिच्या पोरीला नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. सगळी कागदपत्रं तयार, फक्त एक दाखला नव्हता. शनिवार ही शेवटची तारीख. त्या दिवसाला दहा दिवस उरले होते आणि पोरगी चार वेळा रांगेत उभी राहून परत आली होती. अर्ज याच केंद्रातून अर्धा भरलेला. दुसरीकडे जायचं तर सगळं नव्यानं, आणि तिथल्या रांगा तर रस्त्यावर आलेल्या.

“दाखला न्हाई मिळाला तर जागा दुसऱ्याला जाती,” अक्का म्हणाली. “मग पोरगी माझ्यासंगं कारखान्यात. तुझी समिती करती काय?”

समिती करते काय! मला झोंबलं. मी म्हटलं, “मी त्यांचं रजिस्टर मागवते.” आमची हीच पद्धत. कुठल्याही ऑफिसात जा, आधी रजिस्टर मागा.

पोरगी दारात उभी होती. तिनं संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला होता. ती हळूच म्हणाली, “ताई, मशीनचं पण रजिस्टर असतं. लॉग म्हणतात. दर मिनिटाला मशीन स्वतःच लिहून ठेवतं, प्रोसेसर किती टक्के कामात होता ते.”

मी खुर्चीवरून उठले. यंत्र स्वतःविरुद्ध साक्ष लिहून ठेवतं आणि आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही!

दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. विषय: प्रोसेसरच्या मिनिटवार वापराची माहिती मिळणेबाबत. काकांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून एकदा वाचला, आणि म्हणाले, “हे काय असतंय मला ठाव न्हाय. पण असंल तर न्या की. लपवायचंय काय त्यात?” पोरीनं त्यांना फोल्डर दाखवला, त्यांनी पेनड्राइव्हवर उतरवून दिला, वर आम्हाला चहा पाजला. मी चहा प्यायले पण नोंद केली: आरोपी सहकार्याचं नाटक करतो.

ती फाईल मी घरी माझ्या जुन्या लॅपटॉपवर उघडली आणि लॅपटॉप बंद पडला. पुन्हा उघडली, पुन्हा पडला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “तुझा पण सर्व्हर डाऊन का गं?”

मार्चपासूनचं सगळं त्यात होतं. छपाईयंत्र सुरू झालं, कागद अडकला, नेट गेलं, नेट आलं, अंगठा जुळला नाही, पुन्हा जुळला नाही. या सगळ्या गर्दीत मधेच एक ओळ प्रोसेसरची: तारीख, वेळ, टक्के. मी पहिला दिवस हातानं काढायला बसले. एकेक ओळ वाचायची आणि वहीत उतरवायची. अकरा वाजेपर्यंतचं उतरवून झालं तेव्हा माझे डोळे पांढरे झाले होते आणि उरलेल्या तीन महिन्यांनी माझ्याकडे बघून खाकरल्यासारखं केलं.

पोरीनं मेथी निवडल्यासारखं काम केलं. तिनं एकाच ओळीची आज्ञा लिहिली: ज्या ओळीत प्रोसेसर हा शब्द आहे तेवढ्याच ठेव, बाकी टाकून दे. मग उरलेल्या ओळी स्वल्पविरामापाशी तोडल्या. तारखेचा एक रकाना, वेळेचा एक, टक्क्यांचा एक. अर्ध्या मिनिटात झालं. मग दर पंधरा मिनिटांची सरासरी. मग तिनं तारखा नीट लावल्या, कारण माझ्या लॅपटॉपनं दिवस आणि महिना यांची अदलाबदल केली होती, आणि पहिल्या आलेखात डिसेंबर महिना उगवला होता. मी तर म्हटलंही होतं, “बघ, खोट्या नोंदी!” ती म्हणाली, “ताई, डिसेंबर अजून यायचाय.”

पडद्यावरचा आलेख म्हणजे नुसते दात विचकलेले. त्यातून काही कळेना. म्हणून पोरीनं चौकटीचे कागद एकाखाली एक चिकटवले. एक दिवस म्हणजे एक आडवी ओळ. एक चौकट म्हणजे पाव तास. प्रोसेसर नव्वद टक्क्यांच्या वर असला की लाल स्केचपेन, पन्नासच्या खाली असला की हिरवा, मधला असेल तर पिवळा. रविवारच्या ओळी कोऱ्या. दोन दिवस आम्ही नुसतं रंगवत होतो. लाल पेन तीनदा आणावं लागलं.

कागद भिंतीवर लावला. मार्चातले पहिले पंधरा दिवस सगळे हिरवे. त्यानंतर लालच लाल. आणि त्या लालात मधूनच एखादी सबंध ओळ हिरवीगार. त्या दिवशी यंत्र सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत अगदी शहाण्यासारखं वागलेलं. मे महिन्यात एके ठिकाणी तर सलग तीन दिवस हिरवे.

मला लगेच कळलं. मला नेहमीच लगेच कळतं.

“पहिले पंधरा दिवस म्हणजे नव्याचे नऊ दिवस,” मी म्हटलं. “पुढं हा माणूस दुसरंच काहीतरी चालवतोय त्या मशीनवर. खाजगी कामं. म्हणून प्रोसेसर शंभर टक्के. आणि हे हिरवे दिवस? वरून साहेब तपासणीला येतात ते दिवस! तेव्हा सगळं बंद ठेवतो.”

“आणि हे तीन दिवस सलग?”

“साहेब मुक्कामाला असतील.”

“ताई, थांबा ना. अजून नीट कळलं नाही.”

“अन्याय कळायला थांबावं लागत नाही,” मी म्हटलं आणि मथळा लिहायला घेतला.

पत्रक मंगळवारी सकाळी केंद्रासमोर वाटलं. मथळा: ‘यंत्र कुणासाठी पळतं?’ खाली: ‘साहेब आले की यंत्र शहाणं, जनता आली की यंत्र आजारी! चष्मेवाल्या कारभाऱ्याला आमचा रोखठोक सवाल: जनतेचा प्रोसेसर शंभर टक्के कुणासाठी झिजतोय?’ घडीच्या आत सगळं बसलं होतं. आजही सांगते, पत्रक म्हणून ते उत्तम होतं.

रांगेत पोरगी चौथी होती. पहिल्या तिघांचं काम, मी बघत होते, चटचट झालं. मला तेही संशयास्पद वाटलं. पत्रकाची बातमी आधीच लागली असणार! तेवढ्यात कुणीतरी पत्रक आत नेऊन दिलं. काका बाहेर आले.

“ताई, हे मी?”

“नाव कुठं लिहिलंय?”

“‘चष्मेवाला कारभारी’ लिहिलंय की. ह्या गल्लीत चष्मा लावून कारभार करणारा मी एकटाच हाय.”

“मग उत्तर द्या. साहेब येतात तेव्हाच मशीन कसं चालतं?”

“साहेब?” काकांनी चष्मा काढला. “मार्चात नारळ फोडायला आले तेवढेच. नंतर साहेबांना मी टीव्हीवर पण बघितलं न्हाय.”

काका वळले. आत गेले, संगणक बंद केला, देवाच्या फोटोला हात जोडले आणि शटर खाली ओढलं. “माझ्यावर आरोप हाय. चौकशी होऊ द्या. तवर ज्या मशीनवर आरोप हाय त्याला मी हात लावणार न्हाय.”

सगळी रांग माझ्याकडे वळली. सहाव्या नंबरचा एक दाढीवाला गृहस्थ होता. तो शांतपणे म्हणाला, “ताई, आता तुमीच द्या दाखला.” मागून कुणीतरी ओरडलं, “अंगठा कुटं लावू बे, पत्रकावर?” हशा पिकला. पोरगी हसली नाही. ती कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. आम्ही दोघींनी एकाच वेळी बोटं मोजली असणार.

दुपारी अक्का कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून थेट माझ्या घरी आली. तिच्या हातात माझं पत्रक होतं, मागं पोरगी.

“बाई, लई भारी लिहिलंयस,” ती म्हणाली. “कॉलेजात दाखल्याच्या जागी हेच जोडू काय?”

मी अन्यायाबद्दल बोलायला सुरुवात केली. अक्कानं हात वर केला, आणि बोलता बोलता तिची नजर माझ्यामागच्या भिंतीवर गेली. तिचा हात तसाच राहिला.

“ही कुठली डिझाईन?”

“डिझाईन नाही अक्का, तो प्रोसेसरचा…”

“चौकटी हायत, रंग भरलेत. डिझाईनच हाय.” कारखान्यात चादरीची नक्षी अशाच चौकटींच्या कागदावर काढतात, हे मला तेव्हा आठवलं. अक्का भिंतीजवळ गेली आणि बोट ठेवून ओळी मोजायला लागली. ओठ हलत होते, आकडे तेलुगूत. एकदा मोजलं, खाली सरकली, पुन्हा मोजलं.

“पाच ओळींनी हिरवा पट्टा फिरून येतोय. हितं कोरी ओळ हाय म्हणून बुडालाय, पण मोजणी तीच. पाच, पाच, पाच.” मग मेमधल्या त्या तीन ओळींवर बोट टेकवलं. “आणि हितं चूक हाय. धागा तुटलाय हितं. कुठला आठवडा हा?”

पोरीनं तारीख सांगितली.

“त्या आठवड्यात पाईप फुटलेली की,” अक्का म्हणाली. “दोन दिवस उशिरा आलं पाणी. माझ्या घरी प्यायला थेंब न्हवता.”

मी माझी वही काढली. तीच. तीन वर्षांची. तारखा एकेक करून लावल्या. पहिले पंधरा दिवस सोडले तर प्रत्येक हिरवी ओळ पाण्याच्या, नाहीतर चुकलेल्या पाण्याची वाट बघण्याच्या दिवशी पडत होती. प्रत्येक! वीस पत्रकं लिहिली मी या चार दिवसांआडावर, आणि तोच हिशोब माझ्या भिंतीवर हिरव्या स्केचपेननं मीच रंगवून ठेवला होता, आणि मला त्यात साहेब दिसले.

आजचा मंगळवार हाही पाण्याचा दिवस होता. म्हणजे आठवड्यातला एकमेव शहाणा दिवस मी सकाळी साडेनऊला शटर पाडून संपवला होता. पुढचा येणार रविवारी. केंद्र बंद, आणि शेवटची तारीख आदल्या दिवशी.

“पण नळाच्या पाण्याचा आणि प्रोसेसरचा काय संबंध?” मी विचारलं.

पोरगी म्हणाली, पाण्याच्या दिवशी लोक घरी पाणी भरत असतील, रांग लहान असेल. पण आज रांग होती तेवढीच होती. अक्का म्हणाली, “हितं बसून डिझाईन कळत न्हाई. मागावर जाऊन बघावं लागतं.”

बुधवारी सकाळी आम्ही तिघी केंद्रावर गेलो. शटर अर्धं वर होतं. आत काका पंख्याखाली हात बांधून बसलेले, गाऱ्हाणी सांगायला आलेले सात-आठ जण दारात, आणि संगणक चालू. “घड्याळ बघायला लावलंय,” काका म्हणाले, “काम करणार न्हाय.” मी चुकले म्हणायला तोंड उघडलं, पण पोरगी माझ्या पुढं होऊन टेबलाकडे बघत होती.

संगणकाच्या डब्यावर आमची चादर होती. चार घड्या घातलेली, चारी बाजूंनी खाली आलेली, मोर अगदी समोर. नुकतीच धुतलेली, साबणाचा वास येत होता.

“काका, चादर काल नव्हती.”

“काल पाणी होतं न्हवं? आमची मंडळी जडजड धुणं पाण्याच्या दिवशीच काढती. आदल्या संध्याकाळी मी घरी नेतो, दुसऱ्या दिवशी धुऊन वाळती, तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पांघरतो.”

“आणि पाईप फुटली तेव्हा?”

“तवा तीन दिवस बादलीत पडून होती बिचारी.”

पोरीनं चादरीच्या खाली हात घातला आणि तळव्याची उलटी बाजू डब्याला लावली, आजारी माणसाच्या कपाळाला लावतात तशी. “काका, ह्याला ताप आहे. हात लावून बघा.”

काकांनी हात लावला. “अय्यो!”

मग पोरीनं सांगितलं. डब्याच्या बाजूला आणि मागं जाळी असते, आतली गरम हवा तिथून बाहेर पडते. ती चादरीनं बंद झाली. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. मग साध्या कामालाही त्याची सगळी ताकद लागते. “आपण शंभर टक्के म्हणत होतो ना ताई, ते त्याचं दमणं होतं. दुसरं काही नव्हतं त्याच्यात.”

“चादर काढा मग,” दारातला दाढीवाला म्हणाला.

“न्हाय.” काका उठून डब्यापुढं उभे राहिले. “गिरणीचं पीठ उडतंय, म्हणून पांघरतो, हे एक. आणि दुसरं…” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं माझं विजय-पत्रक होतं, फोटोतला मोर होता, आणि माझं वाक्य होतं: ‘यंत्राचाही सन्मान!’ “हा मान तुमच्याच समितीनं दिलाय. ताईंच्या हातनं. काल मला कागदात चोर केलात. आज दिलेला मान पण काढून न्यायला आलाव व्हय?”

मी पुष्कळ सभांमधून बोललेय. पोलिसांसमोर बोललेय. त्या गाळ्यात मी भिंतीवरचं माझंच वाक्य वाचत राहिले. कारण ते बरोबर बोलत होते. यंत्राचा गळा मीच आवळला होता, टाळ्यांच्या गजरात, आणि पुराव्याचा फोटोही मीच छापला होता.

“काका, माझं चुकलं,” मी म्हटलं. “तुम्ही चोर नाही. साहेबही आले नव्हते. सगळं मी मनानं लिहिलं.”

“हे पण छापणार?”

“छापते.”

“नको,” काका घाईनं म्हणाले. “आता कागद नको.” पण डब्यापुढून हलले नाहीत.

तेव्हा अक्का बोलली. “अण्णा, मानाची चादर खाली ठेवायची न्हाई, हे बरोबर. पण एकाच्या खांद्यावरनं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायला कुणाची ना हाय? कारखान्यात मालक घेतात आणि संध्याकाळी व्याह्याला देतात.”

काकांनी विचार केला. मग त्यांनी चादर दोन्ही हातांनी उचलली, मस्तकाला लावली, उघडली, आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. ते हसू मला आवडलं नाही.

“ताईंनी मशीनचा आजार शोधला,” ते दारातल्या लोकांना म्हणाले. “तीन महिन्यांचं रजिस्टर वाचलं. सत्कार झालाच पायजे. हौद्री?”

“हौद्री!” दाढीवाला म्हणाला. ‘होय की’ म्हणण्यापुरती तरी कानडी त्याला येत होती की नाही कुणास ठाऊक.

दोघांना पुरेल अशी ती चादर काकांनी माझ्या खांद्यावर घातली, पुढून ओढून घेतली आणि म्हणाले, “मान हाय. लाईन संपेपर्यंत काढायची न्हाय.”

जून महिना, पत्र्याचं छप्पर, पाऊस नाही. मी गाळ्याच्या कोपऱ्यात उभी राहिले. पोरीनं पडद्यावर प्रोसेसरची टक्केवारी उघडून ठेवली होती, आणि सगळे काम सोडून तिकडे बघत होते. अठ्ठ्याण्णव. नव्वद. एकाहत्तर. माझ्या कानामागून पहिला ओघळ निघाला. पंचावन्न. चव्वेचाळीस. ओघळ पाठीवर आला. काकांनी खुर्ची ओढली, बोटं मोडली, आणि पोरीचा पहिला कागद स्कॅनरवर ठेवला. गोल चक्र एकदा फिरलं आणि नाहीसं झालं. काका दचकून मागं सरले.

“झालं?”

“झालं, काका. दुसरा ठेवा.”

वीस मिनिटांत अर्ज वर गेला. पावती छापून आली, तेव्हा अक्कानं ती हातात घेतली, उजेडात धरून उलटसुलट बघितली, माल तपासतात तशी. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या पंधरा मिनिटांच्या सरासरीत मी नक्कीच नव्वदच्या वर होते.

“ताईंना पाणी द्या कुणीतरी,” दाढीवाला म्हणाला. “ताई पण डाऊन होतील.”

लाईन दुपारी दोनला संपली. काकांनी डब्यावर एक जुना पातळ पंचा आडवा टाकला, फक्त वरच्या बाजूला, जाळी मोकळी ठेवून. सहीचा दाखला शुक्रवारी दुपारी आला आणि पोरगी शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं कॉलेजात जाऊन तो देऊन आली. चादर माझ्या घरी आहे. आई ती टीव्हीवर घालायला निघाली होती, तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचे बाहेर आले.

पत्रकाच्या साडेतीनशे प्रती उरल्या होत्या. रद्दीत घालायची माझी हिंमत होत नव्हती. गल्लीत भेळ त्याच कागदात मिळायला लागली असती. पोरगी हॉस्टेलला जाताना सगळा गठ्ठा मागून घेऊन गेली. मागची बाजू कोरी आहे, कच्च्या वह्या होतील, म्हणाली.

दिवाळीत ती आली तेव्हा एक वही माझ्याकडे राहिली. गुलाबी पानं, दोऱ्यानं शिवलेली. तिथं इंग्रजीत शिकवतात, ही रात्री मराठीत उतरवून काढते. मी सहज पान उघडलं. कागद पातळ, मागून माझा मथळा उलटा दिसत होता, उद्गारचिन्हांसकट. त्यावर तिच्या बारीक अक्षरात ओळ होती: ‘रुग्णास ताप असल्यास अंगावरचं जाड पांघरूण प्रथम काढावं.’

वही परत द्यायला गेले तेव्हा तिला ते पान दाखवलं. “हे मला लावून लिहिलंस?”

“नाही ओ ताई,” ती म्हणाली. “परीक्षेला येतं ते.”